पत्रा झटक्यात ओढताना: हाय-स्पीड टेन्साइल टेस्टची पूर्ण पद्धत

पीथमपूरला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एखाद्या कारखान्यात काम करत असाल, तर हा प्रसंग कधी ना कधी येतोच. गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या डिझाइन विभागाकडून निरोप येतो: अमुक पत्र्याचा स्ट्रेन रेट डेटा पाठवा, म्हणजे वेगवेगळ्या वेगानं ताणला तर तो किती ताकद दाखवतो ते. इकडून नेहमीचं टेन्साइल सर्टिफिकेट जातं. यील्ड (जिथून पत्रा कायमचा ताणला जायला लागतो), यूटीएस (जास्तीत जास्त ताकद), टक्के इलाँगेशन (तुटेपर्यंत लांबी किती वाढली), खाली सही-शिक्का. ते लगेच परत येतं, कारण त्यांना हवं ते त्यात नसतंच.

यूटीएमवर (नेहमीच्या, सावकाश ओढणाऱ्या टेस्टिंग मशिनवर) आयएस १६०८ या मानकाप्रमाणे सॅम्पल ओढलं की ते तुटायला एक-दोन मिनिटं लागतात. भारत एनकॅप या गाड्यांच्या सुरक्षा-मानांकनातल्या समोरच्या टकरीच्या चाचणीत गाडी ताशी ६४ कि.मी. वेगानं अडथळ्यावर आदळते आणि पुढच्या भागाचा चुराडा साधारण एक दशांश सेकंदात आटोपतो. लाँग मेंबरला (गाडीच्या सांगाड्यातल्या लांब तुळईला) जिथे घडी पडते, तिथे पत्रा सेकंदाला काही शेच्या स्ट्रेन रेटनं ताणला जातो. त्या घाईत बहुतेक स्टील जास्त ताकद दाखवतं. किती जास्त, हे ग्रेडवर अवलंबून असतं आणि ते मोजूनच कळतं.

इंदूरच्या आसपास काम करणाऱ्या, डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंग झालेल्या आपल्या मुलामुलींना ही चाचणी पहिल्यांदा करायची वेळ आली तर हाताशी असावं म्हणून हे लिहितो आहे. एक गोष्ट आधीच सांगतो. वेगानं ओढणं हा यातला सोपा भाग आहे, त्यासाठी पैसे टाकले की मशिन मिळतं. स्क्रीनवर दिसणारा फोर्स पत्र्याचा किती आणि मशिनच्या थरथरीचा किती, हे वेगळं काढणं खरं अवघड. सॅम्पलच्या ड्रॉइंगपासून शेवटच्या ग्राफपर्यंतचा प्रत्येक निर्णय याच प्रश्नाकडे बघून घ्यायचा.

पायरी १: आधी रेट ठरवा, मग मशिन

हिशेब सोपा आहे. स्ट्रेन म्हणजे मूळ लांबीच्या मानानं झालेली वाढ, आणि ती सेकंदाला किती होते तो स्ट्रेन रेट. ओढण्याचा वेग भागिले सॅम्पलच्या समांतर भागाची लांबी म्हणजे स्ट्रेन रेट. समांतर भाग २० मि.मी. आणि वेग सेकंदाला ५ मीटर असेल, तर ५,००० भागिले २०, म्हणजे २५० प्रति सेकंद. लांबी निम्मी केली तर त्याच वेगात रेट दुप्पट होतो. म्हणून या चाचणीच्या नगांचा समांतर भाग बोटाच्या पेराएवढा छोटा असतो.

पत्रा रेटला लॉगरिदमच्या हिशेबानं प्रतिसाद देतो. १०० आणि १५० यांच्यात फारसा फरक दिसणार नाही, १० आणि १०० यांच्यात दिसेल. त्यामुळे पायऱ्या दसपटीच्या ठेवा: ०.००१, ०.१, १, १०, १००, आणि वर २५० किंवा ५००. पहिल्या दोन साध्या यूटीएमवर होतात. १ पासून ५०० पर्यंतचा पट्टा सर्वो-हायड्रॉलिक हाय-स्पीड मशिनचा. त्याच्या वर हॉपकिन्सन बारकडे (दांडीतल्या लाटेवर चालणाऱ्या पद्धतीकडे) जावं लागतं. पत्र्यासाठीची मानकंही तशीच वाटलेली आहेत: आयएसओ २६२०३ चा भाग १ बार पद्धतीच्या यंत्रांसाठी आणि भाग २ सर्वो-हायड्रॉलिक व इतर यंत्रांसाठी. काम सुरू करण्याआधी आपल्याला लागू असलेला भाग मुळातून वाचा, दुसऱ्याच्या रिपोर्टमधून उतरवून घेऊ नका.

आणखी एक. वर काढला तो नाममात्र रेट. प्रत्यक्षात यील्डच्या आधी रेट बराच कमी असतो, कारण ग्रिप (सॅम्पल पकडणारा भाग), सॅम्पलची टोकं आणि मशिन हे सगळं थोडंथोडं ताणलं जात असतं. नेकिंग, म्हणजे सॅम्पल एका जागी मानेसारखं बारीक होणं, सुरू झाल्यावर मानेजवळ तो कित्येक पटींनी चढतो. रिपोर्टमध्ये मोजलेला रेट लिहायचा, सेट केलेला नव्हे.

पायरी २: मशिन समजून घ्या

सर्वो-हायड्रॉलिक मशिनमध्ये तेल आधी दाबाखाली ॲक्युम्युलेटर नावाच्या टाकीत साठवतात आणि मोठा व्हॉल्व्ह एकदम उघडून ॲक्चुएटर (सॅम्पल ओढणारा दट्ट्या) सोडतात. अशी यंत्रं सेकंदाला २० मीटरच्या आसपास वेग गाठतात. यूटीएमवर काम केलेल्याला एक गोष्ट इथे चमत्कारिक वाटते: जास्त वेगात फीडबॅक कंट्रोल उपयोगाचा राहत नाही. टेस्ट एक-दोन मिलिसेकंदांत संपते, तेवढ्यात कंट्रोलर चूक ओळखून व्हॉल्व्ह सुधारेपर्यंत सॅम्पलचे दोन तुकडे झालेले असतात. म्हणून व्हॉल्व्ह किती उघडायचा हे सॅम्पल न लावता रिकाम्या फेऱ्या मारून आधीच बसवतात.

ॲक्चुएटरला वेग घ्यायला अंतर लागतं. ते अंतर मिळावं म्हणून सॅम्पल आणि ॲक्चुएटर यांच्यामध्ये स्लॅक ॲडॅप्टर असतो: नळीत सरकणारी दांडी. ॲक्चुएटर आधी मोकळा धावतो, पूर्ण वेग आला की दांडीचं डोकं नळीच्या टोकाला अडकतं आणि सॅम्पल ओढलं जातं. प्रवेग तोच ठेवून वेग दुप्पट हवा असेल, तर मोकळं अंतर चौपट लागतं. दुसऱ्या प्रकारात चालत्या ग्रिपचे जबडे वेग आल्यावरच सॅम्पल पकडतात. त्यात सॅम्पलला लटकलेलं वजन कमी राहतं, पण जबडे बसवायला हात सरावाचा लागतो.

दोन्हींत तो अडकण्याचा क्षण म्हणजे हातोड्याचा घाव असतो. पुढची सगळी डोकेदुखी तिथून सुरू होते. संपर्काच्या जागी रबराची किंवा मऊ ॲल्युमिनियमची चकती ठेवली तर घाव बोथट होतो, पण त्याबरोबर सुरुवातीचा रेटही हळू चढतो. चकती जाड करत जाण्याचा मोह होईल. ग्राफ गुळगुळीत दिसतो खरा, पण यील्डजवळचा रेट तुम्ही गमावून बसता.

हॉपकिन्सन बारबद्दल थोडक्यात. १९१४ मध्ये बर्ट्राम हॉपकिन्सन यांनी लांब दांडीतून जाणारी दाबाची लाट मोजण्याची युक्ती काढली. १९४९ मध्ये कोल्स्की यांनी दांडीचे दोन भाग करून मध्ये नमुना ठेवला आणि १९६० मध्ये हार्डिंग व सहकाऱ्यांनी ती पद्धत ताणाच्या चाचणीसाठी वापरली. यात लोड सेल (फोर्स मोजणारा सेन्सर) नसतोच. सॅम्पल ओलांडून पुढच्या बारमध्ये गेलेल्या लाटेवरून स्ट्रेस (क्षेत्रफळाला वाटलेला फोर्स) मिळतो आणि परत फिरलेल्या लाटेवरून स्ट्रेन रेट. मर्यादा लाटेच्या लांबीची आहे. स्ट्रायकर म्हणजे बारवर आदळून लाट उठवणारा तुकडा. १ मीटर लांबीच्या स्टील स्ट्रायकरची लाट साधारण ४०० मायक्रोसेकंद टिकते. रेट ५०० धरला तर तेवढ्यात २० टक्केच स्ट्रेन होतो, त्यामुळे चांगला ताणणारा डीप-ड्रॉ पत्रा एका लाटेत तुटतच नाही. गाडीच्या पत्र्याचं बहुतेक काम सर्वो-हायड्रॉलिकवर भागतं. म्हणून इथून पुढे त्याच मशिनबद्दल बोलू.

पायरी ३: सॅम्पल

समांतर भाग १० ते २० मि.मी. लांब आणि ५ मि.मी.च्या आसपास रुंद ठेवा. दोन्हीकडे डोक्यात, म्हणजे पकडायच्या रुंद टोकात, मिसळणाऱ्या गोलाईची त्रिज्या मोठी हवी. कातरीनं किंवा पंचानं कापू नका, कडेचा पत्रा कडक होतो आणि इतक्या अरुंद नगात ती कडक पट्टी निकाल बदलते. लेझरनं कापलं तर कडेला उष्णतेनं बदललेला थर राहतो. वायर-कट किंवा मिलिंग करून घ्या. सांवेर रोड, पालदा या भागांत वायर-कटची कामं होतात, पण नुसतं ड्रॉइंग देऊन येऊ नका. कडेवर ओरखडा चालणार नाही, हे समोर उभं राहून सांगा. साच्याचं काम करणाऱ्याला एवढ्याशा पत्र्याच्या तुकड्यासाठी इतकी कटकट कशासाठी, असं वाटणं साहजिक आहे. तुटलेला एखादा नग दाखवला की पटतं.

रोलिंगची दिशा प्रत्येक नगावर मार्करनं लिहा. सगळ्या रेटचे नग एकाच शीटमधून घ्या. जाडी आणि रुंदी तीन ठिकाणी मायक्रोमीटरनं मोजा. ५ मि.मी. रुंदीत ०.०५ मि.मी. चुकलं की स्ट्रेसमध्ये सरळ एक टक्का गेला.

सॅम्पलची दोन टोकं सारखी नसतात. स्थिर ग्रिपकडचं डोकं मुद्दाम लांब ठेवायचं. का, ते पुढच्या पायरीत.

पायरी ४: फोर्स मोजणं

पूर्ण लेखातला एकच भाग वाचायचा असेल तर हा वाचा.

यूटीएमवर लोड सेलवर डोळे मिटून विश्वास ठेवता येतो. हाय-स्पीडमध्ये लोड सेल आणि त्यावर बसवलेली ग्रिप यांचं वजन आणि ताठरपणा मिळून एक स्वतःची फ्रीक्वेन्सी असते. स्लॅक ॲडॅप्टरचा घाव बसला की ही जोडी देवळातल्या घंटेसारखी वाजत राहते आणि तो नाद फोर्सच्या ग्राफवर चढतो.

समजा ही फ्रीक्वेन्सी ३ किलोहर्ट्झ आहे. म्हणजे एक हेलकावा सुमारे ३३० मायक्रोसेकंदांचा. सॅम्पल ३० टक्के स्ट्रेनला तुटतं असं धरा. रेट १० असेल तर टेस्ट ३० मिलिसेकंद चालते, त्यात नव्वद हेलकावे बसतात आणि त्यांची सरासरी काढली तर मधला खरा ग्राफ दिसतो. रेट २५० असेल तर सगळी टेस्ट १.२ मिलिसेकंदांची. पूर्ण ग्राफवर साडेतीन हेलकावे. आता त्यातला कोणता चढ पत्र्याचा आणि कोणता ग्रिपचा, हे कुठलंही फिल्टर सांगू शकत नाही. फिल्टर लावलं की दोन्ही मिसळून एक देखणी रेघ येते. अशा देखण्या रेघा कितीतरी रिपोर्टमध्ये पाहायला मिळतात आणि त्यांतला यील्ड पॉइंट बहुतेकदा कल्पित असतो.

उपाय म्हणजे फोर्स सॅम्पलवरच मोजायचा. स्थिर बाजूचं लांब आणि रुंद डोकं हाच तुमचा लोड सेल. त्यावर स्ट्रेन गेज (ताणलं की विद्युत रोध बदलणाऱ्या बारीक पट्ट्या) चिकटवायचे. हा भाग पूर्ण वेळ इलॅस्टिक (सोडला की मूळ लांबीला परतणारा) राहिला पाहिजे, त्याचा हिशेब आधी कागदावर करा. पत्रा १.२ मि.मी. जाड आणि समांतर भाग ५ मि.मी. रुंद, म्हणजे क्षेत्रफळ ६ चौ. मि.मी. वेगात स्ट्रेस ९०० मेगापास्कलपर्यंत जाईल असं धरलं तर फोर्स ५,४०० न्यूटन. डोकं २० मि.मी. रुंद ठेवलं तर तिथलं क्षेत्रफळ २४ चौ. मि.मी. आणि स्ट्रेस २२५ मेगापास्कल. पत्र्याचा यील्ड ३५० असेल तर चाललं. यील्डच २०० असलेल्या मऊ पत्र्याचा अंदाजी कमाल स्ट्रेस वेगळा असेल, त्याचा हिशेब पुन्हा मांडा आणि गरज पडली तर डोकं रुंद करा.

२२५ मेगापास्कलला गेजमध्ये साधारण १,०७० मायक्रोस्ट्रेन (स्ट्रेनचे दशलक्षांश) येतो. गेज फॅक्टर (गेजची संवेदनशीलता) २ आणि गेज ज्यात जोडतात त्या ब्रिज सर्किटला ५ व्होल्ट दिले तर एका गेजचा सिग्नल जेमतेम २.७ मिलीव्होल्ट. एवढासा सिग्नल हायड्रॉलिक पंपाच्या मोटरशेजारून नेलात तर पत्र्याऐवजी मोटरचा ग्राफ मिळेल. शील्ड केलेली वायर, एकाच जागी अर्थिंग, ॲम्प्लिफायर सॅम्पलच्या जवळ.

गेज दोन लावा, समोरासमोरच्या दोन्ही पृष्ठांवर, आणि ब्रिजमध्ये असे जोडा की वाकण्याचा परिणाम कटून जाईल. पातळ पत्रा ग्रिपमध्ये किंचित जरी तिरका बसला तरी वाकतो. जागा निवडताना ग्रिपच्या कडेपासून आणि त्रिज्येपासून निदान डोक्याच्या रुंदीएवढं अंतर ठेवा.

मग कॅलिब्रेशन. गेज लावलेला प्रत्येक नग यूटीएमवर हळू ओढून न्यूटनला किती मिलीव्होल्ट ते काढायचं. वरच्या उदाहरणात समांतर भाग २,१०० न्यूटनला यील्ड होईल, म्हणून १,२०० च्या वर जाऊ नका. तीनदा चढवा-उतरवा, रेघ सरळ आणि परतीची तीच आली पाहिजे. कंटाळवाणं काम आहे. पण एकाच नगाचं कॅलिब्रेशन सगळ्यांना लावलं, तर गेज चिकटवण्यातला फरक तुमच्या निकालात येऊन बसतो.

एवढं करूनही सुरुवातीचा तुकडा थोडा थरथरलेला येईल. त्याला कारण आहे. स्टीलमधून लाट सेकंदाला सुमारे ५ कि.मी. वेगानं जाते, म्हणजे २० मि.मी.चा भाग पार करायला ४ मायक्रोसेकंद. २५० रेटला ०.२ टक्के स्ट्रेन ८ मायक्रोसेकंदांत होतो. सॅम्पलच्या दोन टोकांचा फोर्स सारखा व्हायला लाटेला अनेक येरझाऱ्या घालाव्या लागतात आणि इथे दोनसुद्धा नीट पुऱ्या होत नाहीत. म्हणून या चाचणीतून ई-मॉड्युलस (यील्डच्या आधीचा स्ट्रेस भागिले स्ट्रेन) कधीही काढू नका. तो यूटीएमवरून घ्या.

पायरी ५: स्ट्रेन, कॅमेरा आणि दिवे

ॲक्चुएटरच्या विस्थापनावरून स्ट्रेन काढायचा नाही. त्यात ग्रिप, दांडी, घसरण सगळं मिसळलेलं असतं. सॅम्पलला चिमट्यानं लावायच्या क्लिप-ऑन एक्स्टेन्सोमीटरचं (लांबवाढ मोजणाऱ्या उपकरणाचं) तर नावच नको, भिंतीवर जाऊन आदळेल.

आता सर्रास वापरतात ते डीआयसी: सॅम्पलवर पांढरा रंग, त्यावर काळे बारीक ठिपके, हाय-स्पीड कॅमेऱ्यानं फोटो आणि सॉफ्टवेअरनं ठिपक्यांचा माग. १.२ मिलिसेकंदांच्या टेस्टला सेकंदाला ५०,००० फ्रेमनं ६० फोटो मिळतात, ते पुरतात. फ्रेम वाढवल्या की चित्र लहान होतं, म्हणून कॅमेरा आडवा-उभा फिरवून समांतर भाग चौकटीत पुरेपूर बसवा. एक्सपोजर ५ मायक्रोसेकंद ठेवलं तर सेकंदाला ५ मीटर वेगात चित्र ०.०२५ मि.मी. पुसट होतं. ठिपका याच्या कित्येक पट मोठा हवा.

इतक्या छोट्या एक्सपोजरला प्रकाश भरपूर लागतो. डीसीवर चालणारे एलईडी वापरा, नाहीतर फ्रेमगणिक उजेड कमी-जास्त होतो. हॅलोजन लावून चहा प्यायला गेलात तर परत येईपर्यंत सॅम्पल तापलेलं असेल. रंग टेस्टच्याच दिवशी मारा. जुना रंग कडक होतो आणि पत्रा ताणला की पापुद्रे उडतात. इंदूरच्या मे महिन्यात शेडमध्ये रंगवलेला नग काही तासांतच तसा होतो, शिवाय नग स्वतः चाळिशीपार गेलेला असतो. एसी खोलीत आणून तापमान स्थिर होऊ द्या आणि ते लिहून ठेवा.

रेकॉर्डर निदान १ मेगाहर्ट्झचा हवा आणि ॲम्प्लिफायरची बँडविड्थ १०० किलोहर्ट्झच्या वर. ॲम्प्लिफायरमध्ये आधीपासून एखादं लो-पास फिल्टर (जलद हेलकावे कापून टाकणारं) चालू राहिलेलं आहे का, ते बघा. यूटीएमच्या कामातून आलेल्या ॲम्प्लिफायरवर ते हमखास असतं. कॅमेरा आणि रेकॉर्डर एकाच ट्रिगरवर चालवा आणि ट्रिगरच्या आधीचा काही भागही साठवून ठेवा.

पायरी ६: टेस्टचा दिवस

कमी वेगापासून वर जा. आधी त्याच छोट्या आकाराचे नग यूटीएमवर ०.००१ ला ओढा. यील्ड आणि यूटीएस नेहमीच्या मोठ्या नगाशी जुळलेच पाहिजेत. जुळले नाहीत तर कापण्यात किंवा मोजण्यात गडबड आहे, पुढे जाऊच नका. टक्के इलाँगेशन मात्र जुळणार नाही, गेज लेंग्थ (ज्या लांबीवर वाढ मोजतात ती) वेगळी आहे. ८० मि.मी. गेज लेंग्थच्या आकड्याशी त्याची तुलना करणाऱ्याला वेळीच थांबवा.

प्रत्येक रेटला निदान तीन चांगले नग हवेत. विखुरलेले आले तर पाच. ग्रिपजवळ तुटलेला नग मोजायचा नाही.

पारदर्शक पॉलिकार्बोनेटचं संरक्षक आवरण बंद असल्याशिवाय ॲक्युम्युलेटरला दाब देऊ नका. दाब असताना आत हात घालायचा नाही, स्क्रू एक आटा सैल दिसला तरी नाही. तुटलेला अर्धा भाग ॲक्चुएटरच्या वेगानं निघतो.

पायरी ७: आकड्यांतून निकाल

फोर्स भागिले मूळ क्षेत्रफळ आणि डीआयसीचा स्ट्रेन यांवरून इंजिनिअरिंग ग्राफ काढा, मग ट्रू स्ट्रेस-स्ट्रेन (बदलत्या क्षेत्रफळावर आणि लांबीवर काढलेला). ट्रू ग्राफ कमाल फोर्सपर्यंतच खरा, नेकिंगनंतर ते सूत्र लागू नाही. रेट काढताना डीआयसीचा स्ट्रेन वेळेसमोर मांडा आणि यील्ड ते कमाल फोर्स या टप्प्यातला उतार घ्या.

उष्णतेचा मुद्दा लोक विसरतात. हळू ओढताना तयार झालेली ऊब ग्रिपमध्ये आणि हवेत निघून जाते. मिलिसेकंदात ती पत्र्यातच अडकते. ७०० मेगापास्कलला २० टक्के स्ट्रेन झाला आणि त्यातल्या कामाचा ९० टक्के भाग उष्णता झाला, तर स्टील सुमारे ३५ अंशांनी तापतं. त्यामुळे जास्त स्ट्रेनला वेगवान ग्राफ वाकतो. ३०४ स्टेनलेस किंवा ट्रिप स्टीलमध्ये तर ताणताना बनणारं मार्टेन्साइट (स्टीलची कडक रचना) या उबेमुळे कमी बनतं आणि वेगवान ग्राफ हळू ग्राफच्या खालीही जातो. असा छेद दिसला की टेस्ट चुकली म्हणून नग फेकू नका.

ग्रेडप्रमाणे काय अपेक्षा ठेवायची? मऊ स्टील रेटला सगळ्यात जास्त प्रतिसाद देतं. रेटनं ताकद किती वाढते हे सांगणाऱ्या काउपर-सायमंड्सच्या सूत्रात मऊ स्टीलसाठी नेहमी वापरतात ते स्थिरांक ४०.४ आणि ५ आहेत. त्या हिशेबानं ४०.४ रेटला यील्ड दुप्पट होतो आणि २५० ला सुमारे २.४ पट. हे यील्डचं झालं, मोठ्या स्ट्रेनला वाढ बरीच कमी असते. ताकदवान ग्रेडमध्ये टक्केवारीनं वाढ कमी दिसते. तिथे हेच स्थिरांक डोळे झाकून टाकणं धोक्याचं आहे, सिम्युलेशनमध्ये गाडी आहे त्यापेक्षा मजबूत दिसते. ६००० मालिकेचं ॲल्युमिनियम तर या रेटला जवळपास ढिम्म असतं. बंपरचं पॉलिप्रोपिलीन याच्या उलट, ते कमी वेगालाही भरपूर बदलतं. त्यात लाट धातूपेक्षा बरीच हळू जाते, म्हणून फोर्स समान व्हायला जास्त वेळ लागतो. प्लास्टिकसाठी आयएसओ १८८७२ बघा.

सिम्युलेशन करणाऱ्याला देताना दोन फाइल द्या. एक कच्ची, फिल्टर न लावलेली, कॅलिब्रेशनसह. दुसरी गुळगुळीत केलेली, कोणतं सूत्र कुठल्या स्ट्रेनपर्यंत बसवलं हे लिहून. नेकिंगच्या पुढे ग्राफ वाढवून मागतातच. तो वाढवलेला भाग मोजलेला नाही, हे ठळक लिहा. वेगवेगळ्या रेटचे ग्राफ वाढवल्यावर एकमेकांना छेदत असतील तर सॉफ्टवेअर गोंधळतं, म्हणून ते एकत्र बसून ठरवायचं. बहुतेक वेळा उष्णतेचा परिणाम वेगळा मांडला की छेद सुटतो. स्टेनलेस आणि ट्रिपमध्ये तेवढ्यानं सुटत नाही, तिथे रेट टेबलाऐवजी तापमान धरणारं मटेरियल मॉडेल घ्यावं लागतं, आणि त्यासाठी तुमच्याकडे वेगवेगळ्या तापमानाला केलेल्या साध्या टेन्साइल टेस्ट मागितल्या जातील. त्याच शीटचे दहा-बारा नग आधीच जास्तीचे कापून, नंबर घालून ठेवा.